दुखवट्याची वस्त्रे आणि जगण्याचा अधिकार

इतिहासाची पाने चाळू लागले म्हणजे मृत्यूंच्या नोंदी पदोपदी भेटतात. अमुक सरदार अमुक रणात पडला, अमुक श्रीमंत अमुक तिथीस कैलासवासी झाले, एवढे सांगून बखरकार पुढच्या मोहिमेकडे वळतो. गेलेल्याची तिथी आपणांस मिळते; परंतु जे मागे राहिले ते दुसऱ्या दिवशी कसे उठले, त्यांस कोणी धीर दिला आणि त्या धीराने खरोखर काय साधले, हा प्रश्न बहुधा अनुत्तरितच राहतो. वास्तविक समाजाच्या संस्कृतीचे माप घ्यावयाचे झाल्यास रणांगणापेक्षा सुतकाच्या घरी ते अधिक अचूक मिळेल असे आम्हांस वाटते. शोकग्रस्त माणसाला आधार मिळतो म्हणजे नेमके काय मिळते, याचा शोध मराठ्यांच्या आणि विशेषतः या ग्वाल्हेर प्रांताशी निगडित अशा इतिहासातून घेण्याचा येथे विचार आहे.

प्रथम रूढीचा विचार करू. पेशवाईत एखादा सरदार वारला म्हणजे सरकारातून त्याच्या घरी दुखवट्याची वस्त्रे पाठविण्यात येत. पुढे यथाकाल वारसास सरदारीची वस्त्रे दिली जात. पहिल्या वस्त्रांचा अर्थ, तुमच्या दुःखात धनी सहभागी आहे. दुसऱ्यांचा अर्थ, गेलेल्याची जागा रिकामी राहिलेली नसून ती आता तुम्हांस चालवावयाची आहे. या दोन वस्त्रांच्या क्रमात मोठे शहाणपण आहे. दुःखाची दखल आधी आणि जबाबदारी मागाहून, असा तो क्रम आहे.

हाच क्रम आमच्या लष्करात आजही निराळ्या रूपाने पाहावयास मिळतो. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० साली ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली स्थिरावली आणि त्या छावणीचेच पुढे शहर झाले. म्हणूनच या शहरास लष्कर हे नाव पडले. येथील दाल बाजारात एकीकडे कडधान्याच्या पोत्यांची थप्पी लागलेली हिंदीभाषी व्यापाऱ्यांची दुकाने आहेत, तर दुसरीकडे मराठी नाटकांचा सहवास लाभलेले नाट्यमंदिर आहे. दोन समाज येथे शेजारी नांदतात आणि एकमेकांच्या दुःखातही जातात. मराठी घरात मृत्यू घडला की त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारचे किंवा आप्त पिठलेभात आणून देतात, भेटावयास येणारा माणूस बराच वेळ नुसता बसून राहतो आणि उठताना ‘येतो’ असे न म्हणता निमूट निघून जातो. बाजारातील व्यापाऱ्याच्या घरी उठावनी होते. ठरलेल्या वेळी सर्व पेठ येऊन बसते. पुढे बाराव्या-तेराव्या दिवशी पगडीची रस्म होते. जमलेल्या सर्वांसमक्ष थोरल्या मुलाच्या मस्तकी पगडी बांधतात आणि दुसऱ्या दिवशी तो दुकानाच्या गादीवर बसतो. दुखवट्याची वस्त्रे आणि सरदारीची वस्त्रे यांचाच हा गृहस्थी अवतार होय.

परंतु या सुंदर रूढीत एक मोठे न्यून आहे. पगडी बांधली जाते ती मुलाला. त्याच घरात, त्याच मृत्यूने जिचे सर्वस्व हिरावले, त्या स्त्रीला शतकानुशतके काय मिळाले? मुलाच्या मस्तकी काही ठेवले जात असताना तिच्या अंगावरचे काढून घेतले जात होते. बांगड्या फुटत होत्या, कुंकू पुसले जात होते, कित्येक घरांत केशवपन होत होते, आणि मंगलकार्यातील तिची जागा कायमची जात होती. एकाच मृत्यूने एकास पद मिळावे आणि दुसरीचे पद जावे, ही विसंगती ध्यानात घेतल्यावाचून अहिल्याबाई होळकरांच्या चरित्रातील पुढील प्रसंगाची थोरवी कळणार नाही.

१७५४ सालच्या मार्च महिन्यात मराठ्यांनी सूरजमल जाटाच्या कुंभेरीच्या किल्ल्यास वेढा घातला होता. त्या वेढ्यात मल्हारराव होळकरांचे एकुलते एक पुत्र खंडेराव तोफेचा गोळा लागून पडले. अहिल्याबाईंचे वय त्या वेळी अठ्ठावीस वर्षांचे होते. पदरी मालेराव आणि मुक्ताबाई ही दोन लहान मुले होती. त्या काळच्या रीतीस अनुसरून बाई सहगमनास सिद्ध झाल्या, आणि मल्हाररावांनी त्यांस परावृत्त केले. येथवरची हकीकत शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु परावृत्त कसे केले, इकडे फारसे लक्ष जात नाही. मल्हाररावांनी सुनेस शास्त्रार्थ सांगितला नाही, देहाची नश्वरता सांगितली नाही. परंपरेने चालत आलेल्या हकीकतीचे तात्पर्य असे की, त्यांनी स्वतःचे दुःख तिच्यापुढे मांडले. मुलगा गेला, आता तूच माझा मुलगा, तू गेलीस तर या म्हाताऱ्याने कोणाकडे पाहावे, असा त्या विनवणीचा भाव होता. सांत्वन करणारा येथे उंचावर उभा नाही. तोही त्याच चितेपाशी उभा आहे आणि सुनेचा आधार मागत आहे. आधार देणे आणि आधार मागणे या दोन क्रिया त्या क्षणी एकरूप झाल्या. आम्हांस तर वाटते की, ‘मी तुला सांभाळीन’ या वाक्यापेक्षा ‘तुझ्यावाचून माझे चालणार नाही’ या वाक्यात मरणोन्मुख मनाला मागे ओढण्याचे बळ अधिक आहे.

तथापि भावनेच्या भरात दिलेला शब्द आणि पुढे वर्षानुवर्षे चालविलेला शब्द यांत अंतर असते. सुनेस चितेवरून परत आणून देवघराच्या कोपऱ्यात बसविले असते, तर मल्हाररावांच्या हातून अर्धेच काम झाले असते. त्यांनी तसे केले नाही, याचा पुरावा आमच्या या ग्वाल्हेरशी संबंधित आहे. १७६५ साली उत्तरेच्या मोहिमेत असताना मल्हाररावांनी अहिल्याबाईंस पाठविलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. चंबळ उतरून ग्वाल्हेरीस जावे, तेथे चार-पाच दिवस मुक्काम करावा, मोठा तोफखाना तेथे ठेवून दारूगोळ्याची शक्य तितकी तरतूद करावी, महिनाभराच्या खर्चाची बेगमी करावी आणि पुढील वाटेवर रक्षणासाठी चौक्या बसवाव्यात, असा त्यातील आज्ञांचा आशय आहे. पत्र लिहिणारा उत्तर हिंदुस्थानात पन्नास लढाया पाहिलेला सेनापती आहे आणि ज्या व्यक्तीस तो तोफखाना सोपवीत आहे, ती अकरा वर्षांपूर्वी तोफेच्याच गोळ्याने विधवा झालेली स्त्री आहे. पत्रात सांत्वनाचा एक शब्दही नाही. परंतु शोकग्रस्त माणसाचा याहून मोठा सन्मान आम्हांस दुसरा दिसत नाही. रूढीने जी पगडी केवळ मुलाच्या मस्तकी बांधावयाची, ती सासऱ्याने सुनेच्या मस्तकी बांधली, असाच या पत्राचा अर्थ होतो.

पुढच्याच वर्षी, २० मे १७६६ रोजी मल्हारराव आलमपूर मुक्कामी निवर्तले. हे गाव आजच्या भिंड जिल्ह्यात, म्हणजे ग्वाल्हेरच्या शेजारीच आहे. अहिल्याबाईंनी तेथे त्यांची छत्री बांधविली आणि तिच्या खर्चाची व्यवस्था लावून दिली. सभोवार शिंद्यांचा आणि बुंदेल्यांचा मुलूख असूनही आलमपूरचा हा लहानसा परगणा संस्थाने विलीन होईपर्यंत इंदूरच्या होळकरांकडेच राहिला. एका सुनेने आपल्या आधाराची आठवण अशा रीतीने परमुलखात दीडशेहून अधिक वर्षे जपण्याची सोय केली. छत्रीकडे केवळ शिल्प म्हणून पाहणाऱ्याने तिच्यामागील हे ऋणही पाहावे.

मल्हाररावांमागून गादीवर आलेले मालेराव १७६७ साली, वर्षभराच्या आतच वारले. पती, सासरा आणि पुत्र असे तिन्ही गेले. या वेळी बाईंपुढे आणखी एक प्रकारचे सांत्वन येऊन उभे राहिले. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांचा मनसुबा असा होता की, एखादे मूल दत्तक घ्यावे, कारभार आपण पाहावा आणि बाईंनी नेमणूक घेऊन स्वस्थ राहावे. वरवर पाहता यात सहानुभूतीच आहे. दुःखी बाईस कारभाराची दगदग कशाला, असे कोणासही म्हणता येईल. परंतु बाईंनी त्यातील मेख ओळखली. ज्या सांत्वनात माणसाचे काम काढून घेतले जाते ते सांत्वन नव्हे, ती हद्दपारी होय. राघोबादादा फौजेनिशी येतात असे दिसताच त्यांनी प्रतिकाराची सिद्धता केली आणि माधवराव पेशव्यांकडे दाद मागितली. पेशव्यांनी कारभार बाईंकडे ठेवण्यास संमती दिली. फौजेचे काम तुकोजी होळकरांकडे आले. पुढे १३ ऑगस्ट १७९५ रोजी देह ठेवीपर्यंत अठ्ठावीस वर्षे त्यांनी महेश्वराहून राज्य चालविले.

एवढ्यावर थांबलो तर हा लेख केवळ गौरवाचा होईल आणि इतिहासाशी अप्रामाणिक होईल. कारण याच अहिल्याबाईंवर मल्हाररावांच्या जागी उभे राहण्याची वेळ आली आणि तेथे त्यांस यश आले नाही. कन्या मुक्ताबाई यांचा तरुण मुलगा वारला आणि पाठोपाठ १७९१ साली पती यशवंतराव फणसे वारले. मुक्ताबाई सती जाण्यास निघाल्या. जॉन माल्कम याने मध्य हिंदुस्थानाविषयीचा आपला ग्रंथ १८२३ साली प्रसिद्ध केला. बाईंना प्रत्यक्ष पाहिलेली माणसे त्या सुमारास हयात होती आणि त्यांच्याकडून त्याने माहिती मिळविली होती. त्याच्या कथनाचा सारांश असा : आईने मुलीपुढे अक्षरशः लोटांगण घातले आणि मला या जगात एकटी टाकून जाऊ नकोस असे विनविले. मुलीचे उत्तर शांत होते. आईचे वय झाले आहे. ती आणखी काही वर्षांची सोबतीण. मुलगा आणि पती तर गेलेच. आईही गेल्यावर जगणे असह्य होईल आणि मग मानाने मरण्याची संधीही राहणार नाही. अहिल्याबाई चितेपर्यंत गेल्या. दोघा ब्राह्मणांनी त्यांचे दंड धरून ठेवले होते. ज्वाळा उसळल्या तेव्हा त्यांचे धैर्य सुटले. नर्मदेत स्नान करून त्या वाड्यात परतल्या आणि तीन दिवस अन्नाला शिवल्या नाहीत, एक अक्षर बोलल्या नाहीत. मग हळूहळू सावरून त्यांनी कन्येचे आणि जावयाचे स्मारक बांधण्याचे काम हाती घेतले.

१७५४ ची विनवणी आणि १७९१ ची विनवणी या दोहोंत शब्दांचा फारसा फरक नाही. दोन्ही ठिकाणी ‘मला एकटे टाकू नकोस’ हेच सांगणे आहे. मग पहिली फळास आली आणि दुसरी का आली नाही? मुक्ताबाईंचे उत्तर नीट ऐकले तर त्यातच कारण सापडते. त्या आईच्या प्रेमाविषयी शंका घेत नाहीत. त्या विचारतात ते इतकेच की, तुझ्यामागून काय? अहिल्याबाईंपुढे कुंभेरीस दोन मुले होती आणि होळकरांची दौलत होती. मुक्ताबाईंपुढे आईवाचून काहीही नव्हते. एका माणसाच्या मायेवर उभारलेला आधार त्या माणसाच्या आयुष्याएवढाच टिकतो, हे त्या अभागी स्त्रीने ओळखले होते. अपत्यहीन विधवेस मानाची जागा देणारी कोणतीही व्यवस्था त्या काळच्या समाजाने निर्माण केली नव्हती, आणि अहिल्याबाईंसारखी राज्यकर्तीसुद्धा आपल्या कन्येस तशी जागा दाखवू शकली नाही. हा दोष त्या मातेचा नव्हे. तो समाजाचा होता.

शिंदेशाहीतील उदाहरणही येथे नमूद करणे अवश्य आहे. दौलतराव शिंदे २१ मार्च १८२७ रोजी निवर्तले. त्यांच्या पत्नी बायजाबाई यांनी जनकोजीरावांस दत्तक घेऊन कारभार आपल्या हाती ठेवला. पुढे दत्तक पुत्राशी बिघाड होऊन १८३३ साली त्यांस ग्वाल्हेर सोडावे लागले. त्यांच्या राजकारणाचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. आम्हांस लक्ष वेधावयाचे आहे ते काशीच्या एका वास्तूकडे. वैधव्य आल्यानंतर वर्षभरातच, १८२८ साली, बायजाबाईंनी काशीस ज्ञानवापीच्या विहिरीवर खांबांचा मंडप बांधविला. आणि त्याच्या लगतच अहिल्याबाईंनी अर्धशतकापूर्वी पुन्हा उभारलेले विश्वेश्वराचे मंदिर आहे. होळकरांचे आणि शिंद्यांचे राजकारणात कधी फारसे जमले नाही. पण या दोन घराण्यांतील दोन विधवांचे काम काशीत शेजारी शेजारी उभे राहिले. शोकाला हाताने करण्याजोगे काही मिळाले म्हणजे तो केवळ स्वतःपुरता राहत नाही, वाटसरूला सावली आणि पाणी देऊ लागतो. अर्थात हे भाग्य राजस्त्रियांचे. दाल बाजारातील पोती उचलणाऱ्या हमालाच्या विधवेने कोणता मंडप बांधावा?

या प्रश्नाचे उत्तर पुढील शतकाने दिले. ४ डिसेंबर १८२९ रोजी बेंटिंकच्या अमदानीत सहगमनास बंदी करणारा कायदा झाला. कायद्याने मरण थांबविले. जगण्याची सोय मात्र कायदा करू शकत नव्हता. मुक्ताबाईंचा प्रश्न अनुत्तरितच होता. त्याचे उत्तर संस्थांनी दिले. पंडिता रमाबाई १८८२ साली विधवा झाल्या आणि १८८९ साली त्यांनी शारदासदन काढले. त्या सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली पुनर्विवाह केला. कर्वे स्वतः विधुर होते. त्यांची प्रथम पत्नी १८९१ साली वारली होती. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. ज्यांनी हे आधार उभे केले त्यांनी आधी मृत्यूचा घाव स्वतः सोसला होता, ही गोष्ट विसरता कामा नये.

परंतु या सर्वांत आमच्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोलके चरित्र रमाबाई रानडे यांचे आहे. १६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती रानडे निवर्तले. रमाबाई मुंबईहून पुण्यास आल्या आणि सुमारे वर्षभर घराबाहेर पडल्या नाहीत. त्या वर्षाबद्दल त्यांस कोणी दोष देऊ नये. महेश्वरचे तीन दिवस आणि पुण्याचे ते एक वर्ष यांची जात एकच आहे. मौनाचाही एक काळ असतो आणि तो दुसऱ्याने ठरवावयाचा नसतो. त्यानंतर त्या येरवड्याच्या तुरुंगातील स्त्रियांस भेटण्यास जाऊ लागल्या. दुःखाने घरात कोंडलेल्या स्त्रीने पहिले पाऊल टाकले ते कायद्याने कोंडलेल्या स्त्रियांकडे, हा योगायोग नसावा. पुढे १९०८ साली बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिदूमल यांनी मुंबईत सेवासदन काढले व अध्यक्षपद रमाबाईंस दिले. १९०९ साली पुण्याचे सेवासदन सुरू झाले. १९१० साली ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मलबारी पारशी आणि गिदूमल सिंधी. त्यांनी एका मराठी विधवेच्या दारी जाऊन सांगितले ते तात्पर्याने मल्हाररावांचेच वाक्य होते : तुमच्यावाचून हे काम चालणार नाही. फरक इतकाच की, या वेळी ते वाक्य सासऱ्याच्या तोंडी नव्हते, समाजाच्या तोंडी होते, आणि म्हणूनच एका माणसाच्या मृत्यूने ते खोटे ठरणार नव्हते. मुक्ताबाईंच्या प्रश्नाला एकशेसतरा वर्षांनी मिळालेले हे उत्तर होय.

हा सर्व इतिहास आता जुना झाला असे कोणी म्हणेल, तर अलीकडच्या काळाकडे पाहावे. २०२० आणि २०२१ च्या महामारीत आमच्या लष्करातही असंख्य घरे अशी होती की, तेथे पिठलेभात घेऊन जाणेही शक्य नव्हते. उठावनीस पेठ जमली नाही, अंत्ययात्रेस खांदा देण्यास माणसे नव्हती. नुसते येऊन बसणे ही क्रिया, जिला आपण रिकामा उपचार समजत होतो, ती नाहीशी झाल्यावर तिचे मोल कळले. त्याच महामारीने अनेक तरुण स्त्रियांना वैधव्य आले. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड या गावाने ग्रामसभेत ठराव करून कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे इत्यादी विधवाप्रथा बंद केल्या. त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने इतर ग्रामपंचायतींनी या ठरावाचे अनुकरण करावे असे परिपत्रक काढले. मल्हाररावांनंतर अडीचशेहून अधिक वर्षांनी एका खेड्याने सर्वांसमक्ष ठरविले की, पतीच्या मृत्यूने स्त्रीचे काही काढून घ्यावयाचे नाही. आता ते आचरणात कितपत उतरते हे प्रत्येक घराने दाखवावयाचे आहे.

या नियतकालिकाचे वाचक बहुतांशी शिक्षक आहेत, म्हणून शेवटी शाळेविषयी दोन शब्द. वडील किंवा आई गमावलेले मूल तेरा-चौदा दिवसांनी वर्गात परत येते तेव्हा आपण बहुधा दोहोंपैकी एक करतो : काही घडलेच नाही असे वागतो, किंवा दयेपोटी त्याच्याकडील सर्व कामे काढून घेतो. पहिल्यात दुखवट्याची वस्त्रे नाहीत. दुसऱ्यात चंद्रचूडी सांत्वन आहे. वर्गशिक्षकाने त्याच्या घरी जाऊन बसावे, गेलेल्या माणसाचे नाव उच्चारावयास भिऊ नये, मुलाच्या मौनाचे दिवस मोजू नयेत; आणि ते आपण होऊन मान वर करील तेव्हा त्याच्या हाती वर्गाचे एखादे खरे काम द्यावे, की ज्यावाचून वर्गाचे खरोखरच अडेल. मुलगी असेल तर तिलाही तेच काम तितक्याच विश्वासाने द्यावे. शास्त्रीबुवांनी सांगितलेले वैराग्य त्या वयाला कळत नाही, आणि खरे पाहता कोणत्याच वयाला ते पहिल्या आठवड्यात कळत नाही.

शोकाला औषध नाही, हे जुने लोक म्हणत ते खरेच आहे. अहिल्याबाईंचे दुःख ग्वाल्हेरच्या तोफखान्याने गेले नसेल आणि रमाबाईंचे सेवासदनाने संपले नसेल. परंतु दुःख वाहून नेण्यासाठी पायांखाली जमीन लागते, आणि ती जमीन मागे राहिलेल्यास समाजाने द्यावयाची असते. आपण कोणाच्या दारी दुखवट्याला जातो तेव्हा काय बोलावे, हा प्रश्न दुय्यम आहे. आपल्या जाण्याने त्या घरातील सर्वांत एकटे पडलेल्या माणसाची जागा आपल्यात शाबूत राहिली की नाही, एवढे परत येताना स्वतःस विचारावे.